घाट चढण्यापुरतं चार्जिंग

दर रविवारी सकाळी तळ्याकाठच्या मैदानावर गाड्यांची हौस असलेली मंडळी जमायची, आणि त्या मंडळींत तिला सगळे 'कानसेन' म्हणायचे. तानसेन होता आलं नाही तर माणसानं कानसेन तरी व्हावं म्हणतात. ही तशी झाली होती, फक्त हिची मैफल इंजिनांची. बाबांच्या गॅरेजमध्ये लहानाची मोठी झालेली ही मुलगी बॉनेट न उघडता सांगायची, "काका, पट्टा सैल झालाय. आज बदला, नाहीतर उद्या ढकलत आणाल." गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की कोण आलं ते तिला आत बसून कळायचं. तिच्या कानाला आजवर कोणी चकवलं नव्हतं.

म्हणूनच त्या रविवारी, बँकवाल्या काकांच्या लांबलचक पेट्रोल गाडीच्या बॉनेटमध्ये ती कमरेपर्यंत वाकलेली असताना पाठीमागून अगदी जवळून कोणीतरी "माफ करा..." म्हणालं, तेव्हा ती इतकी दचकली की डोकं बॉनेटवर आपटलं आणि हातातला पाना थेट इंजिनाच्या पोटात गेला.

वळून बघते तर मागे एक गाडी उभी! गाडी कसली, गाडीचं पिल्लू. दोन दारांची, बुटकी, लिंबाच्या रंगाची. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला एक चष्म्यातला तरुण तिच्याइतकाच घाबरलेला.

"तुम्ही... आलात कुठून?" तिनं डोकं चोळत विचारलं.

"घाटावरून."

"ते नाही हो! आवाज कसा नाही आला?"

"नसतोच," तो ओशाळून म्हणाला. "बॅटरीवरची आहे. हॉर्न वाजवणार होतो, पण वाटलं, तुम्ही दचकाल."

"मग? आत्ता काय झालं?"

"दचकलात." तो खाली उतरला, तिच्या शेजारी येऊन बॉनेटमध्ये डोकावला. "हॉर्न की हाक, पहिलं की दुसरं, एवढाच प्रश्न होता. माझी निवड चुकली... तो बघा तुमचा पाना. त्या जाड नळीच्या मागे."

तिला दिसत नव्हता. त्यानं बाही सरकवली, दोन लांब बोटं आत घातली आणि पाना अलगद वर आणून तिच्या हातात ठेवला. बोटांना काळं ग्रीस लागलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. तिनं उगीचच ते लक्षात ठेवलं.

एव्हाना मंडळी लिंबाच्या रंगाभोवती गोळा झाली होती. त्या काळी बॅटरीवरची गाडी म्हणजे अप्रूप. तिच्याबद्दल सगळे तावातावानं बोलायचे, आणि पाहिलेली मात्र कोणी नव्हती. बँकवाल्या काकांनी एक चक्कर मारली, टायरला बुटानं टोचलं आणि निकाल दिला, "मिक्सर आहे हा. चाकं लावलेला."

"मिक्सरला निदान आवाज तरी असतो," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तो चिडला नाही. घाटावरच्या गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायचे, भिंगं बसवायची. मंडळींनी तिथल्या तिथे त्याचं 'चष्मेवाला' असं बारसं केलं, तेही त्यानं गोड मानून घेतलं. मग शांतपणे एकेकाला उत्तरं दिली. गिअर नाहीत. तेल बदलणं नाही, धूर नाही. सिग्नल सुटला की जागेवरून अशी निघते की शेजारचा मोठा गाडीवाला बघत राहतो.

"आणि चढावर?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांची जीप होती, आणि गाडीची लायकी चढावरच कळते असं त्यांचं ठाम मत होतं.

"चढावर..." तो अडखळला. "चढावर जीव टांगणीला लावते. माझा! खाली येताना काहीच लागत नाही. पण वर जायला पुन्हा भरून घ्यावी लागते. म्हणून म्हटलं, इथे कुठे... प्लग मिळेल का?"

काकांना हसू आवरेना. "म्हणजे ही येते उतारावर आणि जाते दुसऱ्याच्या विजेवर! घोडं विकत घ्यायचं आणि गवतासाठी दारोदार हिंडायचं!"

"आमच्या गॅरेजमध्ये आहे प्लग," ती म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर पान्याकडे वळवली. "या. मला बघायचीच आहे ही."

गाडी भरायला दुपार सरली. त्या काळचं चार्जिंग असंच कूर्मगतीचं होतं. सकाळी वायर लावा आणि चार वाजेपर्यंत माश्या मारा. तो गॅरेजमधल्या स्टुलावर बसला होता आणि ती बॉनेटला कान लावून उभी होती.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही. तेच तर!" तिला खरंच राग आला होता. "गाडी काही बोललीच नाही तर तिला काय होतंय ते कसं कळायचं?"

"विचारायचं."

"गाडीला?"

"माझ्याकडे माणसं येतात. त्यांना काय दिसतंय ते मला बाहेरून थोडंच कळतं? मी भिंग बदलतो आणि विचारतो, पहिलं की दुसरं? मग ते सांगेपर्यंत थांबतो."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर आणखी थांबतो. आपण सुचवलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि चुकीचा चष्मा लावून घरी जातो." त्यानं स्वतःचा चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार मऊ दिसत होते. "थांबायला मला येतं. माझ्या धंद्यात तेवढंच तर काम आहे."

मग रविवारमागून रविवार गेले. तळ्यावर तासभर गाड्यांच्या गप्पा, काकांची टोमणेबाजी, आणि नंतर चार वाजेपर्यंत गॅरेज. तो तिला पाने शोधून द्यायचा आणि ती त्याला इंजिनं ऐकवायची. एकदा तिनं त्याला एका जुन्या मोटरच्या झडपेची टकटक ऐकायला लावली. "आली ऐकू?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "टकटक ऐकू येतेय खरी... पण इंजिन तर तुम्ही मघाच बंद केलंत ना?" ती लाजून जी मागल्या दाराकडे पळाली, ती हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ परत आली नाही.

बाबांच्या नजरेतून काय सुटणार! एकदा चहाचा पेला तोंडाला लावता लावता ते म्हणाले, "गाडी भरायला दुपार लागते, समजू शकतो. हा माणूस भरायला किती वेळ लागतोय?"

एका रविवारी पावसानं असा जोर धरला की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येईना. बोलायचं म्हणजे जवळ यावं लागत होतं. तो जवळ आला.

"एक विचारायचं होतं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "'तुम्ही' की 'तू'? पहिलं... की दुसरं?"

तिनं पावसाकडे बघत उत्तर दिलं. "दुसरं."

तेव्हापासून ते त्यांचं चालूच राहिलं. चहा आत की बाहेर, खिडकी उघडी की बंद, आज लवकर निघू की उशिरा... तो विचारायचा, पहिलं की दुसरं, आणि ती न चुकता 'दुसरं' म्हणायची, आणि दोघं हसायची. घरी परतल्यावर तिला गाणी सुचायची, एवढंच सांगितलं तरी पुरे. ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि सोमवार ते शनिवार हे सहा दिवस तिला आठवड्यातली अडगळ वाटायला लागले होते.

मग पाऊस संपता संपता तो एकदा घाटात अडकला. चार्जिंग पूर्ण होतं, तरी मधल्या वळणावर गाडीनं मान टाकली. दिवे मिणमिणायला लागले, मागून ट्रक येत होते आणि तो दगडावर बसून गाडीत धुगधुगी येण्याची वाट बघत राहिला. पुढच्या रविवारी त्यानं ही हकिगत नक्कल करून सांगितली. मंडळी पोट धरून हसली, काकांनी तर डोळे पुसले.

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते वळण, ते ट्रक आणि आवाज न करणारी ती एवढीशी गाडी उभी राहिली. आता सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

आता त्यांच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. दुरुस्त करून दाखवायची होती. बाबा आईशी उभ्या जन्मात एक गोड शब्द बोललेले तिला आठवत नव्हतं. पण आईच्या शिवणयंत्राला ते न विसरता तेल घालायचे, आणि आई खुर्चीवर बसून ते बघताना अशी काही हसायची की मुलीला बाहेर जाऊन खेळावंसं वाटायचं. आई गेल्यावरही बाबा त्या यंत्राला तेल घालत होते. तिच्या लेखी याहून मोठं सांगणं जगात नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी तो मंडळींबरोबर तळ्याकाठी असताना तिनं किल्ली मागून त्याची गाडी गॅरेजमध्ये आणली आणि सीट उचललं. खाली बॅटऱ्यांची ओळ होती, एकमेकींचे हात धरून उभ्या असल्यासारखी. दोन पार मेल्या होत्या आणि बाकीच्यांना खाली ओढत होत्या. तिनं दोन नव्या आणून ठेवल्याच होत्या. त्या बसवल्या, तारा घासून चकचकीत केल्या, वेडीवाकडी झालेली सीटची कडी सरळ केली. हे सगळं करताना ती गुणगुणत होती.

तो आल्यावर ती हात मागे बांधून उभी राहिली.

"झाली तुझी गाडी! आता घरून भरून निघालास की जाऊन-येऊन आरामात पुरेल. इथे लावायलाच नको."

त्यानं गाडीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या प्लगकडे.

"म्हणजे... इथे थांबायला नको?"

"मुळीच नको!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. "माझी काळजी मिटली."

ती वाट बघत होती. आईसारखं तो हसेल, याची. पण तो "थँक यू" म्हणाला, फार सभ्यपणे. मग त्यानं चार्जिंगची वायर गुंडाळली. एरवी कशीही कोंबायचा, त्या दिवशी नीट घडी घालून गुंडाळली. "तुझा फार वेळ घेतला मी इतके रविवार," एवढं म्हणून तो गेला. गाडी गेल्याचा आवाजही आला नाही.

पुढच्या रविवारी तो आला, मैदानावर चहा प्यायला आणि मैदानावरूनच परत गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिनं गॅरेजमधलं स्टूल पुसून ठेवलं होतं. स्टुलावर पुन्हा धूळ बसली.

"बघितलंस ना, कानसेन?" बँकवाले काका म्हणाले. "प्लग लागत होता तोवर मुक्काम. गरज सरो नि वैद्य मरो!" काकांच्या मनात काही नव्हतं, त्यांना टोमणा सुचला, त्यांनी मारला. पण तिच्या तो काळजात घुसला. इतकं सांगून झालं, याहून मी काय सांगायचं? आणि हा नुसता थँक यू म्हणतो!

अशात एका रविवारी दुपारी गॅरेजच्या दारात लिंबाचा रंग दिसला. तो खिडकीतून बघत होता, ओठांवर कसलंसं चोरटं हसू.

"बघ ना गं... काहीतरी झालंय बहुतेक. काटा पार खाली आलाय."

तिला हसू दिसलंच नाही. तिला एवढंच कळलं, की मी केलेल्या कामात खोट निघाली. कानशिलं तापली. तिनं सीट उचललं आणि काचेची नळी घालून एकेका बॅटरीचं पाणी तपासलं. तो शेजारी उकिडवा बसला.

"सगळ्या सारख्याच उतरल्यात," ती स्वतःशी म्हणाली. "एखादी खराब असती तर एकटी उतरली असती."

"म्हणजे?" तो आणखी जवळ सरकला. "म्हणजे काय निघालं?"

तिनं वर पाहिलं. तो थांबला होता. दुकानातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उत्तरासाठी थांबावं तसा. तिच्या हातात सगळं होतं. सगळ्या बॅटऱ्या सारख्या उतरल्या, म्हणजे गाडी नुसती फिरवलीय, खूप फिरवलीय. कुठे फिरलास रे, आणि का, एवढंच विचारायचं होतं.

"म्हणजे गाडीत काही दोष नाही," ती उठली आणि फडक्यानं हात पुसायला लागली. "तुम्हीच कुठेतरी फार फिरलात. देते लावून."

'तुम्ही' ऐकून त्याचं हसू मावळलं. तरी त्यानं विचारलं, नेहमीपेक्षा हळू. "घाट चढण्यापुरतं... की पूर्ण? पहिलं की दुसरं?"

"पहिलं," ती म्हणाली. "चढण्यापुरतं पुरे."

तो जेमतेम तेवढा थांबला. स्टुलावर बसला नाही, दारात उभा राहिला. त्यानंतर तो आणखी एखाद-दोनदा तळ्यावर दिसला आणि मग दिसेनासा झाला. ती मात्र गल्लीच्या तोंडाशी काही वळलं की मान वर करायची. न येणारा आवाज ऐकायचा म्हणजे सारखंच बघत राहावं लागतं, हे तिला तेव्हा कळलं.

वर्षं गेली. बॅटरीच्या गाड्यांचं अप्रूप ओसरलं. चौकाचौकात चार्जिंगचे खांब आले, चहा पिईतो गाडी भरायला लागली. बँकवाल्या काकांनीच एक भलीमोठी घेतली आणि मैदानावर येऊन सांगायला लागले, "काय शांतता आहे म्हणून सांगू! स्वर्ग!" मिक्सरची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. तिच्या ओठांपर्यंत ती आली होती, पण तिनं गिळून टाकली.

एका सकाळी ती एका जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेली असताना मागून आवाज आला. "माफ करा..."

ती दचकली नाही. पाना नीट बाजूला ठेवून मगच वळली.

लिंबाचा रंग फिका पडला होता. त्याच्या चष्म्याची काडी नवी होती आणि चेहऱ्यावर थोडं वय आलं होतं.

"ही तुझ्याकडे ठेवतेस का?" तो म्हणाला. "विकायला गेलो तर भंगारात काढतील. ते... नाही बघवणार. मी चाललोय इथून. समुद्राकडे, नवीन दुकान टाकतोय." मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "लग्न ठरलंय माझं. तिची नोकरी तिकडेच आहे."

"हो का," ती म्हणाली. "तिकडे नाही पोचायची ही. अर्ध्यातच बसेल."

सवयीनं तिनं सीट उचललं. तिनं बसवलेल्या त्या दोन बॅटऱ्या अजून जागच्या जागी होत्या.

"बाकीच्या गेल्या, बदलाव्या लागल्या," तो म्हणाला. "तू घातलेल्या टिकल्या." मग एकदम हसला. "एक सांगू? आता सांगायला हरकत नाही. काटा खाली आला होता बघ, त्या दिवशी... गाडीला काही झालं नव्हतं."

"माहितीये. मीच सांगितलं होतं."

"तळ्याला फेऱ्या मारत होतो सकाळपासून. काटा खाली येता येईना! इतकं चोख काम करून ठेवलं होतंस. शेवटी दिवे लावले, वायपर चालू केले, कडक उन्हात! गळ टाकून बसलेले म्हातारे हात करायला लागले दर फेरीला."

ती हसली नाही. "का?" तिनं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं. तिला ते ऐकायचं होतं.

"थांबायला कारण हवं होतं. माझ्याकडचं एकच होतं, ते तू दुरुस्त करून टाकलंस... मला वाटलं, तू जा म्हणतेयस. आडून."

"जा?" तिचा आवाज फुटला. "वेड्या, तू घाटात अडकू नयेस म्हणून केलं रे मी ते. तेच... तेच माझं सांगणं होतं. आमच्या घरी असंच सांगतात." आणि तिनं त्याला शिवणयंत्राचं सांगितलं. तेलाचं, आईच्या हसण्याचं.

ऐकून तो स्टुलावर बसला. किती वर्षांनी बसला होता!

"मी थांबलो होतो गं," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून."

"आणि मी सांगून बसले होते."

गॅरेजमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता. त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तो जुना प्रश्न हळूहळू वर येताना तिला दिसला.

"अजून..." तो म्हणाला. "पहिलं की..."

"नको." तिनं घाईनं हात वर केला. हो म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तिच्या जिभेवर होता. "भिंग बदलू नकोस आता. ती... कशी आहे?"

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "फार चांगली आहे गं. बोलते. सगळं बोलून टाकते."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून तिला जास्तच लागलं.

त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिच्या बोटांचं ग्रीस त्याच्या बोटांना लागलं. त्यानं ते पुसलं नाही. मग तो बसथांब्याकडे निघाला, पायी.

इतके रविवार तो आला आणि गेला, पण त्याचं येणं-जाणं तिला कधी ऐकू आलं नव्हतं. आज आलं. फरशीवर, मग गल्लीतल्या खडीवर, मग पुढच्या वळणाच्या डांबरावर. वळणाशी पावलं थांबली... आणि पुन्हा चालू झाली. ती कान देऊन ऐकत राहिली, पार ऐकू येईनाशी होईपर्यंत.

"कोण आलं होतं गं?" आतून बाबांनी विचारलं. "गाडीचा आवाज नाही आला."

"तिला नसतोच, बाबा."

तिनं वायर सोडवली आणि भिंतीवरच्या त्या जुन्या प्लगमध्ये लावली.

बाबा दाराशी आले. त्यांनी गाडी पाहिली, लेकीचं तोंड पाहिलं, आणि विचारायचं ते बदलून दुसरंच विचारलं. "कुठे जायचंय का?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "पण पूर्ण भरू दे." आणि स्टूल ओढून चार वाजेपर्यंत बसून राहिली.